हौद्याचे अस्तर : रंग मिसळण्यापासून फवारणीपर्यंत

पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला आपल्याकडचे टेम्पोचालक हौदा म्हणतात आणि खाली पाडता येणाऱ्या मागच्या झडपेला फाळका. वाहनाची कमाई याच भागावर होते आणि सर्वांत जास्त मारही हाच भाग खातो. अमेरिकेत पिकअप हे शेतकऱ्याचे आणि सुताराचे वाहन आहे, तसेच रोज कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाचेही. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला कारखान्यातच मागे छोटा पोलादी हौदा जोडून ती विक्रीस आणली. १९७७ सालापासून त्याच कंपनीची ‘एफ’ मालिका त्या देशातील सर्वाधिक खपाचा ट्रक म्हणून ओळखली जाते. त्यामुळे हौद्याची निगा हा तेथे घरोघरचा विषय आहे आणि हौद्याला आतून लावायचे अस्तर हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे.

अस्तराची गरज का पडते, हे समजणे सोपे आहे. कारखान्यात लागलेल्या रंगाची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. विटा, फावडी, लोखंडी सळया, मोटारसायकली यांची चढउतार सुरू झाली, की थोड्याच काळात हा रंग खरवडला जातो. पत्रा उघडा पडला, की पावसाचे पाणी आणि थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकले जाणारे मीठ आपले काम करू लागते. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून ‘एफ-१५०’चा हौदा अॅल्युमिनियमचा केला. त्याला तांबडा गंज चढत नाही, हे खरे. मात्र २०१६ साली प्रतिस्पर्धी शेव्हरोलेटने एका जाहिरातीत दोन्ही ट्रकांच्या हौद्यांत ८२५ पौंड, म्हणजे सुमारे ३७५ किलो वजनाचे बागकामाचे ठोकळे वरून ओतले आणि फोर्डच्या हौद्याला पडलेली भोके दाखवली. जाहिरात कितपत निष्पक्ष होती, यावर वाद झाला. हौद्याला काय सोसावे लागते, याचे चित्र मात्र त्यातून घराघरात पोचले.

पूर्वीचा उपाय म्हणजे हौद्याच्या आकाराचे कडक प्लॅस्टिकचे तबक आत बसवणे. ते स्वस्त असते, घसरडे असते आणि त्याच्याखाली पाणी साचते. वाहनाच्या थरथरीने तबकाच्या कडा रंगावर घासत राहतात. वरून सारे ठीक दिसत असताना खाली गंज वाढत असतो, हा त्याचा मोठा दोष. यावर तोड म्हणून पत्र्याला घट्ट चिकटून बसणारे फवाऱ्याचे अस्तर आले. कॅलिफोर्नियात १९८८ साली सुरू झालेली ऱ्हायनो लायनिंग्ज आणि १९९३ साली सुरू झालेली लाइन-एक्स ही या व्यवसायातील जुनी नावे. या दुकानांत दोन वेगवेगळी रसायने तापवून मोठ्या दाबाखाली एकाच बंदुकीच्या तोंडाशी आणली जातात. ती पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचा रबरासारखा चिवट थर तयार होतो. याच जातीच्या अस्तराने भिंती स्फोटाच्या धक्क्यात तग धरतात का, याच्या चाचण्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने फ्लोरिडातील टिंडल तळावर घेतल्या होत्या. भिंत मोडली, तरी तिचे तुकडे आत उडून माणसांना लागत नाहीत, असे त्यांत आढळले.

अशी यंत्रसामग्री घरी ठेवता येत नाही आणि दुकानाचा खर्च घरच्या संचाच्या काही पट असतो. म्हणून घरी लावायच्या संचांची बाजारपेठ उभी राहिली. रोलरने फासायचे, डब्यातून सरळ वापरायचे, पाण्यावर आधारित असे अनेक प्रकार त्यात आहेत. पण स्वतः रंग मिसळून कॉम्प्रेसरच्या साध्या बंदुकीने फवारायचा दोन भागांचा युरेथेन संच हौशी लोकांत सर्वाधिक चर्चेचा ठरला. यू-पोल या ब्रिटिश कंपनीचे ‘रॅप्टर’ हे त्यातील प्रसिद्ध नाव. ही कंपनी २०२१ साली अॅक्साल्टाने विकत घेतली. या लेखात विचार केला आहे तो मुख्यतः अशा संचाचा.

डब्यात नेमके काय असते

साधा रंग वाळतो, म्हणजे त्यातील द्रावक उडून जाते. या अस्तराचे तसे नाही. संचातील मोठ्या बाटलीत पॉलिओल नावाच्या रसायनावर आधारलेले घट्ट द्रव्य असते आणि त्यात पोत देणारे बारीक कण असतात. छोट्या डब्यात हार्डनर असतो, म्हणजेच आयसोसायनेट गटाचे रसायन. दोन्ही एकत्र आले, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन पॉलियुरेथेन तयार होते. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधलेली हीच ती प्रक्रिया. गादीतला फोम, बुटाचे तळवे आणि मोटारीचा चकचकीत रंग या साऱ्यांच्या मुळाशी ती आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की अंगणात अस्तर फवारणारा मनुष्य रंगकाम करीत नसतो, तो एक रासायनिक प्रक्रिया घडवून आणत असतो. प्रमाण चुकले, पाणी शिरले किंवा वेळ टळली, तर वरून दिसायला रंग बरा दिसेल, पण थर मऊ राहील, फुगेल किंवा पापुद्र्यासारखा सुटेल. रंग कालवण्यापासून शेवटच्या हातापर्यंतचे सारे नियम याच एका गोष्टीतून येतात.

रंग कालवताना

काळ्या रंगाचा तयार संच सर्वांत जास्त विकला जातो. काळ्यात दुसरा रंग घालून काही साधत नाही. ज्यांना ट्रकच्या अंगाशी जुळणारे किंवा वाळूच्या, ऑलिव्ह हिरव्या छटेचे अस्तर हवे असते, त्यांच्यासाठी रंगहीन ‘टिंटेबल’ संच असतो. त्यातील द्रव्य दुधट दिसते आणि रंग बाहेरून आणून घालायचा असतो.

कोणता रंग घालायचा, यात पहिली फसगत होते. मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारा द्रावकावर आधारित बेसकोट किंवा टू-के रंगाचा टिंट यासाठी चालतो, आणि तोही थिनर न घातलेला. पाण्यावर आधारित बेसकोट अजिबात चालत नाही. पाणी आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि थरात बुडबुडे धरतात. घराच्या भिंतींसाठी दुकानातले यंत्र डब्यात जे कलरंट सोडते, तेही टाळावे. त्यांत बहुधा ग्लायकॉल असते आणि ते हार्डनरचा काही भाग खाऊन टाकते. रंग सुंदर येतो, पण अस्तर आठवडा उलटला तरी नखाने दबते.

दुसरा प्रश्न मात्रेचा. संचांच्या पत्रकांत रंगाची कमाल मात्रा साधारणपणे १० टक्क्यांच्या आसपास दिलेली असते. हे १० टक्के मूळ द्रव्याचे की हार्डनरसह पूर्ण मिश्रणाचे, हे पत्रकात नीट वाचून घ्यावे लागते. कारण ३ लिटर द्रव्य आणि १ लिटर हार्डनर असा संच असेल, तर एका हिशेबाने ३०० मिलिलिटर रंग लागतो आणि दुसऱ्या हिशेबाने ४००. ही मर्यादा कंजूषपणाने घातलेली नाही. बेसकोटमधील बांधणीचे द्रव्य मुळात या प्रक्रियेत भाग घेण्यासाठी बनवलेले नसते. ते जितके जास्त, तितकी अस्तराची वीण विरळ होते. छटा हवी तितकी गडद येत नाही म्हणून आणखी अर्धा पेला ओतणारा मनुष्य रंग कमावतो आणि ज्यासाठी खटाटोप केला ती मजबुती गमावतो.

पिवळा, लाल आणि पांढरा या रंगांत खालचा पृष्ठभाग झाकण्याची शक्ती कमी असते. त्यांची मात्रा वाढवण्याऐवजी खाली त्याच छटेच्या जवळचा प्रायमर किंवा रंग आधी मारून घेणे हा जाणकारांचा मार्ग आहे. काळ्या किंवा करड्या प्रायमरवर पिवळे अस्तर मारले, तर दोन हात झाल्यावरही ते मळकट हिरवट दिसते. धातूची चमक असलेले रंगही अपेक्षाभंग करतात. सपाट पृष्ठभागावर ती चमक देणाऱ्या पापड्या एका दिशेने आडव्या बसतात म्हणून रंग झळाळतो. अस्तराच्या खडबडीत थरात त्या वाटेल तशा उभ्या-आडव्या राहतात आणि करड्याहून फार वेगळे काही दिसत नाही.

एका हौद्याला साधारण चार बाटल्या लागतात. प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे रंग घातला, तर मापातल्या किंचित फरकानेही शेजारशेजारच्या पट्ट्यांत छटा बदलते. म्हणून सर्व बाटल्यांतील द्रव्य एका स्वच्छ, कोरड्या बादलीत ओतून त्यात एकदाच रंग कालवावा आणि मग ते पुन्हा बाटल्यांत भरावे. हार्डनर मात्र या टप्प्यावर घालू नये. तो ज्या त्या बाटलीत, फवारणीच्या अगदी आधी पडला पाहिजे. कालवलेल्या रंगाचा नमुना पुठ्ठ्यावर फवारून, पूर्ण वाळू देऊन, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. खडबडीत पोतातील प्रत्येक कण स्वतःची बारीक सावली टाकतो, त्यामुळे तोच रंग ट्रकच्या गुळगुळीत दारापेक्षा गडद भासतो. तंतोतंत जुळणी या पोतात होत नाही. एक छटा फिकट रंग निवडला, तर डोळ्याला जुळल्यासारखे वाटते.

रंगाच्या टिकाऊपणाची गोष्ट हार्डनरच्या जातीशी निगडित आहे. अॅरोमॅटिक जातीचे आयसोसायनेट स्वस्त आणि चिवट असते, पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळे पडते, आणि त्याच्या काळ्या थरावर खडूसारखी भुकटी येते. अॅलिफॅटिक जात महाग असते आणि उन्हात रंग धरून ठेवते. फिकट छटा हवी असेल, तर डब्यावर कोणती जात लिहिली आहे हे पाहूनच संच घ्यावा.

पत्र्याची तयारी

या कामात फवारणीपेक्षा तयारीला जास्त वेळ जातो. बहुतेक अस्तरे सुटतात, ती तयारीच्या आळसामुळे. हौद्यातील कड्या, खिळे, पट्ट्या काढून घ्याव्यात. साबणाच्या पाण्याने धुवावे, मग ग्रीस आणि मेण काढणाऱ्या द्रावकाने दोनदा पुसावे. डाग पुसल्याशिवाय घासायला घेतले, तर मेण पत्र्याच्या ओरखड्यांत आणखी खोल शिरते. जुना चकचकीत रंग पूर्ण काढायची गरज नसते, पण त्यावरील तकाकी एकूण एक कोपऱ्यातून गेली पाहिजे. १८० ते २४० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा लाल घासणीने ती काढतात. हौद्याच्या तळाला नाल्या असतात आणि हात नेमका त्यांच्या खाचांत पोचत नाही. पुढे पापुद्रा सुटायला सुरुवात होते, ती तिथूनच.

गंज धातूपर्यंत खरवडून त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. उघड्या अॅल्युमिनियमला धातूत किंचित चावणारा खास प्रायमर लागतो. प्लॅस्टिकच्या भागांना चिकटपणा वाढवणारे द्रव्य आधी लावतात. पाणी निचऱ्याची भोके बुजणार नाहीत, ही काळजी घ्यावी. खिडकी, दिवे आणि टायर झाकावेत. फवाऱ्याचा धुरळा अंगणात दूरवर जातो आणि शेजाऱ्याच्या मोटारीवर बसलेला तो ठिपका सहज निघत नाही.

मास्किंग टेपचे एक तंत्र आहे. अस्तर पूर्ण घट्ट झाल्यावर टेप ओढली, तर कड फाटून येते. शेवटचा हात मारल्यावर थर अजून चिकट असतानाच टेप सावकाश काढावी.

फवारणी

यासाठी जी बंदूक वापरतात, तिला शुट्झ गन म्हणतात. शुट्झ म्हणजे जर्मन भाषेत संरक्षण. मोटारीच्या खालच्या बाजूला गंजरोधक लेप मारण्यासाठी ती बनली, आणि तेच नाव पुढे रूढ झाले. तिची रचना अगदी साधी आहे. संचाची बाटलीच तिला खालून फिरवून बसते आणि हवेच्या झोताने द्रव्य वर खेचले जाते. साध्या रंगाच्या बंदुकीचे तोंड या दाट, कणीदार द्रव्याने लगेच तुंबते.

तीन भाग रंगवलेले द्रव्य आणि एक भाग हार्डनर, असे या प्रकारच्या संचांचे नेहमीचे प्रमाण आहे. बाटली बंद करून दोन मिनिटे जोराने हलवावी लागते, कारण पोताचे कण तळाशी बसलेले असतात. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. २० अंश सेल्सियसच्या आसपास मिश्रण सुमारे तासभर वापरण्याजोगे राहते. उन्हाळ्यात हा अवधी झपाट्याने आखडतो. म्हणून चारही बाटल्यांत एकदम हार्डनर ओतून ठेवण्याची घाई करू नये. एक संपत आली, की दुसरी तयार करावी.

पोत हातात असतो, आणि या कामातली खरी मजा येथेच आहे. बंदूक जवळ आणि हवेचा दाब कमी ठेवला, तर थेंब मोठे पडतात व पोत खडबडीत येतो. दाब वाढवून हात लांब नेला, तर तो बारीक होतो. शुट्झ गनसाठी साधारण ४० ते ६० पौंडांचा दाब आणि दीड फुटांच्या आसपास अंतर हे नेहमीचे. योग्य जातीचा थिनर थोडा घातला, तर पोत आणखी मऊ होतो. एकदा बसलेली लय शेवटपर्यंत सोडू नये. अर्धा हौदा झाल्यावर अंतर बदलले, की दोन वेगळ्या कारागिरांनी काम केल्यासारखे दिसते. पहिला हात पातळ, केवळ पकड देण्यापुरता; तासाभराने दुसरा भरगच्च, आणि तो पहिल्याच्या आडव्या दिशेने. प्रत्येक पट्ट्याने आधीचा पट्टा निम्मा झाकला पाहिजे. आधी कोपरे आणि भिंती, मग तळ, आणि तळ पुढून मागे, म्हणजे ओल्या थरावर हात टेकायची वेळ येत नाही. फाळका वेगळा काढून आडवा ठेवला, तर ओघळ येत नाहीत.

छोट्या घरगुती कॉम्प्रेसरची येथे परीक्षा होते. शुट्झ गन सतत भरपूर हवा ओढते, टाकीतला दाब पडतो आणि त्याबरोबर पोतही बदलतो. शिवाय दाबलेल्या हवेतून पाणी सुटते. नळीत पाणी अडवणारा सापळा बसवला नसेल, तर हे पाणी थेट मिश्रणात जाते आणि वर सांगितलेले बुडबुडे धरतात. दमट दिवशी पत्र्यावर न दिसणारे दव असते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावे, हा लेपनाच्या धंद्यातला सर्वमान्य नियम आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात उघड्यावर हे काम काढण्यात अर्थ नाही, तो यामुळे.

श्वासाचा प्रश्न

आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुटलेला वायू मिथिल आयसोसायनेट होता. अस्तराच्या हार्डनरमधले रसायन त्याच कुळातले असले, तरी ते वेगळे आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मिथिल आयसोसायनेट ३९ अंश सेल्सियसला उकळते आणि सहज वायुरूप होते. हार्डनरमधील रेणू जड असतात, डब्यातून ते फारसे उडत नाहीत. रोलरने फासताना धोका तुलनेने कमी असतो, तो त्यामुळेच. पण बंदुकीच्या तोंडातून त्याच द्रव्याचे सूक्ष्म तुषार झाले, की जड रेणूदेखील श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात पोचतात. फवारणीने सारे गणित बदलते, ते असे.

याचा परिणाम म्हणजे दमा, आणि तोही विशिष्ट जातीचा. काही लोकांचे शरीर या रसायनाला एकदा संवेदनशील झाले, की पुढे त्याचा अत्यल्प अंशदेखील छाती आवळून टाकतो. अशा माणसाला ते काम कायमचे सोडावे लागते. संवेदनशीलता घालवणारे औषध नाही. त्रास पुष्कळदा काम चालू असताना होत नाही, संध्याकाळी किंवा रात्री होतो, त्यामुळे खोकल्याचा संबंध दुपारच्या फवारणीशी जोडलाच जात नाही. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाच्या माहितीनुसार मोटारी रंगवणाऱ्या फवारणी कामगारांना दमा जडण्याचा धोका सर्वसाधारण कामगारांच्या सुमारे ८० पट असतो.

खास हौद्याच्या अस्तराबद्दलही नोंद आहे. मिशिगन राज्यात २००३ साली एका व्हॅनच्या आतल्या बाजूला अस्तर फवारल्यानंतर एका कामगाराचा दम्याच्या तीव्र झटक्याने मृत्यू झाला. अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने २००६ साली अस्तर-फवारणीतील एमडीआय या आयसोसायनेटविषयी स्वतंत्र इशारापत्रक काढले. एमडीआय मुख्यतः दुकानांतल्या तापवून फवारण्याच्या अस्तरांत असते, घरगुती संचांत बहुधा दुसरी जात असते. फुफ्फुसाला मात्र दोन्ही जातींचे तुषार बाधतात.

नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत हवेतील प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेले असते. हौशी लोक ज्या वासाला ‘रंगाचा वास’ म्हणतात, तो द्रावकाचा असतो. धुळीसाठीचा कागदी मुखवटा येथे निरुपयोगी आहे. काडतूस बसवलेला मुखवटा त्यापेक्षा पुष्कळ बरा, पण काडतूस केव्हा संपले हे सांगणारी वासाची खूण येथे नसल्याने त्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार या फवारणीसाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. अनुभवी कारागीरही एक चूक हमखास करतात. हात थांबला, की काम कसे झाले हे पाहायला मुखपट्टी वर करतात. तुषार दिसेनासे झाले, तरी हवेत ते काही मिनिटे असतातच. चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख हेही आवश्यक आहेत, कारण कातडीवाटेही शरीर संवेदनशील होऊ शकते, असे पुरावे आहेत.

युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यांहून अधिक डाय-आयसोसायनेट असलेली उत्पादने व्यवसायात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. दुकानातल्या कामगाराला असे संरक्षण मिळते. शनिवारी सकाळी मुलांना बाजूला उभे करून गॅरेजमध्ये बाटली हलवणाऱ्या बापाला कोणी प्रशिक्षण देत नाही, आणि त्याने पत्रक वाचले की नाही हेही कोणी पाहत नाही. अमेरिकी घरांत गॅरेज बहुधा घराला जोडलेले असते आणि पाणी तापवण्याचा गॅसचा बंब अनेकदा तेथेच असतो. द्रावकाच्या वाफा आणि बंबाची ज्योत हा आणखी वेगळा धोका. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, माणसे आणि पाळीव जनावरे दूर ठेवूनच करावे. ज्याला आधीपासून दमा आहे, त्याने या कामाला हातच लावू नये. पैसे देऊन ते दुकानातून करून घ्यावे, हा सल्ला येथे कंजूषपणाने बाजूला सारण्याजोगा नाही.

भारतात

आपल्याकडे मालवाहू पिकअपच्या हौद्यात अजूनही रबरी चटई, लाकडी फळ्या किंवा जाळीदार नक्षीचा जाड पत्रा हीच अस्तरे दिसतात, आणि वाळू-विटांच्या फेऱ्यांना ती पुरतातही. फवाऱ्याचे रंगीत अस्तर आले, ते हौशी वाहनधारकांबरोबर. इसुझूचा व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाचा हायलक्स २०२२ साली भारतीय बाजारात आल्यावर खासगी वापराच्या पिकअपचा एक छोटा वर्ग तयार झाला. डोंगरवाटांवर जीप चालवणारे लोक बंपर, पायदान, चाकांवरच्या कमानी, क्वचित संपूर्ण गाडीही अशा रंगवलेल्या अस्तराने झाकतात. फक्त हौदा रंगवला, तर अडचण नाही. मात्र गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, त्यामुळे संपूर्ण अंगाचा रंग बदलायचा असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याची रीतसर नोंद करून घ्यावी लागते. डेंटिंग-पेंटिंगच्या गल्लीतील गाळ्यांत तोंडाला रुमाल बांधून टू-के रंग मारणारा कारागीर हे नेहमीचे दृश्य आहे. त्या रंगाच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेटच असते आणि तो कारागीर हे काम वर्षातून एकदा नाही, रोज करतो.

काम झाल्यावर

अस्तर तासाभरात हाताला कोरडे लागते, पण आतली प्रक्रिया संपायला काही दिवस जातात. हलका माल दोन-तीन दिवसांनी आणि जड माल आठवड्याने टाकावा. थंडीत त्याहूनही थांबावे. घरच्या फवारणीत दोन हातांनंतरही थर एक मिलिमीटरपेक्षा कमीच भरतो. दुकानातल्या अस्तराइतका मार तो सोसणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. बंदूक लगेच धुतली नाही, तर ती फेकूनच द्यावी लागते. उरलेल्या मिश्रणाची बाटली घट्ट बंद करून ठेवू नये, आत वायू साठून ती फुटू शकते. मिश्रण उघड्यावर घट्ट होऊ द्यावे आणि मग टाकावे. हार्डनरचा अर्धा डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणेही व्यर्थ, कारण एकदा उघडल्यावर हवेतील ओल त्याला निकामी करीत राहते.

या अस्तराची एक सोय अशी, की खरचटलेला भाग जागच्या जागी दुरुस्त होतो. तेवढा भाग घासून, पुसून त्यावर पुन्हा फवारले, की पोतामुळे जोड दिसत नाही. रंगाचा जोड मात्र दिसतो. म्हणून रंग कालवला त्या दिवशीच रंगाचा कारखान्याचा क्रमांक, द्रव्याचे आणि रंगाचे नेमके माप, हवेचा दाब आणि अंतर एका पुठ्ठ्यावर लिहून, त्याच पुठ्ठ्यावर फवारलेल्या नमुन्यासह तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.